‘तुम्ही मयताच्या कोण?’ लग्नाविना सोबत राहणाऱ्यांसाठी अपघाती भरपाईची वाट

पहिल्या आठ दिवसांत हा प्रश्न मला निदान दहा ठिकाणी विचारला गेला. शवागाराच्या खिडकीवर, पोलीस ठाण्यात, त्याच्या ऑफिसात, बँकेत. मी प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर दिलं. कुठे ‘मैत्रीण’, कुठे ‘बायको’, कुठे ‘आम्ही एकत्र राहतो’, आणि एका ठिकाणी तर नुसतीच रडले. तीन वर्षांनी विमा कंपनीच्या वकिलांनी ही सगळी उत्तरं कागदांवरून एकामागून एक वाचून दाखवली आणि शांतपणे विचारलं, ‘यातलं खरं कोणतं?’

मी आणि माझा जोडीदार सहा वर्षं एका घरात राहिलो. लग्न केलं नव्हतं. महामार्गावर ट्रकने त्याच्या दुचाकीला मागून धडक दिली आणि तो जागीच गेला. त्यानंतरची धावपळ करताना मला जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही, एका दुकानदाराचे हिशेब लिहिते. त्यामुळे आकड्यांचा भाग जरा लांबला तर सांभाळून घ्या. वकील तुम्हाला लागेलच, पण वकिलाकडे जाताना आपल्याला काय हवंय आणि आपल्या हातात काय आहे, हे ठाऊक असलं तर अर्धं काम होतं.

१. आधी बघा: तुमचं खरंच ‘लग्न झालेलं नाही’ का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण कितीतरी जोडपी देवळात हार घालतात, चार माणसांसमोर विधी करतात, नोंदणी राहून जाते, आणि मग स्वतःच सगळीकडे ‘लग्न नाही झालं’ असं सांगत सुटतात. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी झाली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. कलम ८ मध्येच तसं लिहिलंय. विधी झाले असतील तर तुम्ही पत्नी किंवा पती आहात. पुरावा गोळा करावा लागेल, पण तुमची वाट वेगळी आणि पुष्कळ सोपी आहे. भटजी, फोटो, हजर असलेली माणसं शोधा.

दुसरी गोष्ट, विधी झाले नसले तरी खूप वर्षं नवरा-बायकोसारखं राहिलेल्या जोडप्याला न्यायालय विवाहित धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बद्री प्रसाद यांच्या खटल्यात सुमारे ५० वर्षांच्या सहवासावरून असं गृहीत धरलं होतं. मात्र हे गृहीतक खोडून काढता येतं. ‘आम्ही लग्न केलंच नाही, करायचं नव्हतंच’ असं तुम्ही स्वतः लिहून दिलं असेल, तर ते तुमच्याच हाताने खोडलं जातं.

२. कोणत्या कायद्याखाली मागणार आहात ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि बहुतेकांचे पहिले सहा महिने इथेच वाया जातात. ‘अपघाती मृत्यू’ हा सामान्य माणसाला एकच प्रकार वाटतो. कायद्याला तो पाच-सहा प्रकारचा दिसतो, आणि प्रत्येक कायद्याची ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. मी माझ्या वहीत त्यांचे दोन भाग केले होते: दार उघडं असलेले कायदे आणि नावांची यादी लावलेले कायदे.

रस्त्यावरचा वाहन अपघात असेल तर दार उघडं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार मृताचे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ अर्ज करू शकतात. तिथे पती, पत्नी, मूल अशी यादी दिलेली नाही. ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हणजे कोण, हे बघायला न्यायालयं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(११) कडे जातात. तिथे मृताच्या मालमत्तेचं प्रतिनिधित्व करणारी किंवा तिचा कारभार हाती घेतलेली व्यक्तीसुद्धा येते. लिंग आणि लग्न हे शब्दच त्या व्याख्येत नाहीत, त्यामुळे समलिंगी जोडीदारानेही याच दारातून जावं. लढाई जास्त चालेल, पण दार तेच.

रेल्वेतून पडून मृत्यू झाला असेल तर यादी लागते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२३ मध्ये ‘अवलंबित’ कोण ते मोजून दिलंय: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई-वडील, आणि अवलंबून असतील तर अल्पवयीन भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण असे काही जण. लग्नाविना जोडीदार त्यात नाही. २०१७ पासून मृत्यूसाठी भरपाई ८ लाख रुपये आहे आणि रेल्वे दावे न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. तुम्हाला दोघांचं मूल असेल तर त्याच्या नावाने, तुम्ही पालक म्हणून अर्ज करा. ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ हे शब्द यादीत आहेत.

विजेचा धक्का, भिंत कोसळणं अशा प्रसंगी दिवाणी दावा १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली चालतो. त्यात फक्त पती, पत्नी, आई-वडील आणि मूल. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कायदा, त्यामुळे यापेक्षा अपेक्षाही काय करणार! कामावर असताना मृत्यू झाला तर मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईलाही अवलंबितांची ठरलेली यादी असते.

यादीत आपण नसलो म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण तिथे स्वतःच्या नावाने भांडत बसण्यापेक्षा मुलाच्या नावाने किंवा जोडीदाराच्या आईशी बोलून मार्ग काढणं शहाणपणाचं. माझा भर पुढे सगळा रस्ते अपघातावर आहे. तीच वाट मी चालले, आणि जोडीदाराला उभं राहायला खरी जागाही तिथेच आहे.

३. पहिले पंधरा दिवस: उत्तर एकच द्या

दुःखात हे सांगणं निष्ठुर वाटेल. तरीही सांगते, कारण या दिवसांत कागदावर जे उमटतं ते पुसता येत नाही.

कुणीही ‘तुम्ही कोण लागता?’ विचारलं की एकच वाक्य: ‘आम्ही अमुक सालापासून एका घरात पती-पत्नीसारखे राहत होतो, लग्न झालेलं नाही.’ पोलिसांच्या जबाबात, इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या) पंचनाम्यात, रुग्णालयाच्या नोंदीत, मृत्यू नोंदणीच्या अर्जात हेच. लिहून घेणारे हवालदार कंटाळून नुसतं ‘मैत्रीण’ लिहितात. सही करण्याआधी वाचा, आणि ते पूर्ण वाक्य लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. माझ्या जबाबात ‘ओळखीची’ असा शब्द आहे. सहा वर्षांच्या संसाराला ओळखीची! तो एक शब्द मला पुढे एक अख्खी तारीख पुरला.

‘बायको’ असं खोटं लिहू नका. तेव्हा सोपं वाटतं, समोरचा माणूसही लगेच नरम होतो. पण पुढे शपथेवर लग्नाची तारीख आणि ठिकाण विचारलं की सगळा दावाच संशयात येतो.

मृतदेह बहुतेक वेळा रक्ताच्या नातेवाइकांच्याच ताब्यात देतात. त्यावर भांडण उकरू नका, भरपाईशी त्याचा संबंध नाही. मात्र त्याच्या घरचे सामान न्यायला आले की खोली रिकामी होते आणि पुरावाही जातो. त्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढा. घराचेही फोटो काढा: दाराबाहेरची नावाची पाटी, कपाट, दोघांची औषधं ठेवलेला डबा.

या काळात मिळवायचे कागद:

– एफआयआरची प्रत
– घटनास्थळ पंचनामा आणि इन्क्वेस्ट पंचनामा
– शवविच्छेदन अहवाल
– धडक देणाऱ्या वाहनाचं नोंदणी पुस्तक, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना यांच्या प्रती
– मृत्यू प्रमाणपत्र
– त्याचं आधार, पॅन, वयाचा पुरावा

आता नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन आपलं नाव ‘मृतासोबत राहणारी अवलंबित व्यक्ती’ म्हणून त्यात घालायला सांगा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच महत्त्वाची. अर्ज दिला हे सिद्ध करायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

४. मुदत

सहा महिने. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये ही मुदत परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, उशीर झालेल्यांनी वकिलाला त्याबद्दल जरूर विचारावं. पण ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी त्या आशेवर राहू नये. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. अर्ज दाखल करा, कागद मागाहून जोडता येतात.

अर्ज कुठे करायचा हे तुम्ही निवडू शकता: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, राहतात तिथे. आपल्याच जिल्ह्याचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निवडा. दर दोन महिन्यांनी एसटीने दीडशे किलोमीटर जाणं पहिल्या वर्षी जमतं, तिसऱ्या वर्षी नाही.

हीच मुभा त्याच्या आई-वडिलांनाही आहे. म्हणून दाखल करण्याआधी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव टाकून शोधा. आधीच दावा लागला असेल तर वेगळा लावण्यापेक्षा त्यातच पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्या.

वाहन सापडलंच नाही, धडक देऊन पळून गेलं, तर मार्ग वेगळा: तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज, मृत्यूसाठी २ लाख रुपये.

५. कलम १६४ की १६६?

विमा कंपनीचा माणूस लवकर भेटायला येतो आणि म्हणतो, ‘चूक कोणाची ते सिद्ध करायचीच गरज नाही, पाच लाख घ्या आणि मोकळे व्हा.’ हे कलम १६४. खोटं नाही ते. पण दोन गोष्टी तो सांगत नाही. एक, कलम १६४ मध्ये शब्द ‘कायदेशीर वारस’ असा आहे, ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असा नाही. वारस म्हटलं की वारसा कायदा आला, आणि हिंदू वारसा कायद्यात लग्नाविना जोडीदार कुठेच नाही. म्हणजे हे पाच लाख तुमच्या हाती येण्याची शक्यता फार थोडी. दोन, ठरलेल्या पद्धतीने ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो.

तेव्हा जोडीदारासाठी कलम १६६. चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, वेळ लागतो, पण आपल्याला आत घेणारा शब्द तिथे आहे.

६. प्रेम बाजूला ठेवा, घर सिद्ध करा

सुरुवातीला मी वकिलांकडे काय घेऊन गेले होते माहितेय? वाढदिवसाची पत्रं आणि सहलीचे फोटो. त्यांनी ती बाजूला सारून विचारलं, ‘गॅस सिलिंडरचे पैसे कोण भरायचं?’ त्या दिवशी मला या खटल्याचं स्वरूप समजलं.

न्यायाधिकरणापुढे मूळ प्रश्न असा असतो: हा माणूस गेल्याने कोणाच्या घरातलं काय थांबलं? इंद्रा सर्मा यांच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘विवाहसदृश नातं’ ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत: किती काळ सोबत, एकच घर, पैशांची एकत्र व्यवस्था, घरकामाची वाटणी, मुलं, समाजात कसे वावरायचे, दोघांचा हेतू. तो निकाल कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आहे, भरपाईचा नाही. तरी वकील युक्तिवादात त्याच खुणा वापरतात, म्हणून कागदही त्याच क्रमाने लावा.

माझ्या अनुभवात कोणत्या कागदाचं वजन किती पडलं ते सांगते.

सर्वांत भारी ठरली भाडेकरूची पोलीस पडताळणी. घरमालकाने चार वर्षांपूर्वी आमच्या दोघांची नावं, फोटो आणि पत्ता पोलीस ठाण्यात दिले होते. सरकारी दप्तरातला, भांडण सुरू होण्याच्या खूप आधीचा, आणि तिसऱ्याच माणसाने दिलेला कागद. यावर समोरच्या वकिलांना फारसं बोलता आलं नाही. तुमच्या घरमालकाला आजच विचारा, त्याची प्रत त्याच्याकडे असते.

त्याखालोखाल दोघांच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार. मग बँकेचे व्यवहार. संयुक्त खातं असेल तर उत्तमच. आमचं नव्हतं. पण दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास त्याच्या खात्यातून माझ्याकडे एक ठरावीक रक्कम यायची, आणि माझ्या खात्यातून भाडं, वीज आणि वाण्याचं बिल जायचं. मी सहा वर्षांचं स्टेटमेंट घेतलं, दोन रंगांनी खुणा केल्या आणि एका तक्त्यात मांडलं. न्यायाधीशांनी तो तक्ता हातात घेऊन पाहिला, हे मला अजून आठवतं.

मग त्याच्या ऑफिसच्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ म्हणून माझं नाव, रुग्णालयाच्या जुन्या संमतिपत्रावर माझी सही, गॅसचं पुस्तक, कुरिअरची पाकिटं. साक्षीदार म्हणून घरकामाच्या मावशी आणि सोसायटीचे वॉचमन. मावशींनी उलटतपासात एवढंच सांगितलं, ‘दोघांचे डबे मीच भरायचे की.’ सोसायटीच्या सचिवांच्या लेटरहेडपेक्षा ते वाक्य जास्त चाललं.

व्हॉट्सॲपचे संदेश जोडायचे असतील तर नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा फोन त्याच्या घरच्यांकडे असेल तर आपल्या फोनमधले संदेश घ्या. आणि निवडून द्या. ‘दूध आणशील का’, ‘भाडं टाकलं’ असे शंभर संदेश बाकी कशाहूनही उपयोगी.

त्याचं उत्पन्नही सिद्ध करायचं असतं, हे मी विसरलेच होते: पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र. ही बहुधा त्याच्या घरच्यांकडे असतात. त्यांनी दिली नाहीत तर नोकरीच्या ठिकाणावरून साक्षीसमन्स काढून मागवता येतात.

७. अर्जात काय लिहायचं, कुणाला सामनेवाले करायचं

वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी हे सामनेवाले असतातच. त्याशिवाय त्याचे आई-वडील आणि मुलं. कलम १६६ मध्येच म्हटलंय की जे प्रतिनिधी अर्जात सामील झाले नाहीत त्यांना सामनेवाले करावं. त्यांना लपवून अर्ज केला तर पहिल्याच तारखेला अर्जदाराची नियत संशयात येते.

त्याचं आधी लग्न झालेलं असेल आणि घटस्फोट झाला नसेल, तर त्या पत्नीचं नाव घालायलाच हवं. मला माहीत आहे हे किती जड जातं. तुमची बाजू इथे खूप नाजूक होते हेही खरं. वेलुसामी यांच्या २०१० च्या निकालात विवाहसदृश नात्यासाठी दोघंही लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहित असावेत अशी अट आहे. पण विद्याधरी यांच्या २००८ च्या खटल्यात वारस प्रमाणपत्र, कायदेशीर पत्नी हयात असतानाही, मृताने नॉमिनी केलेल्या आणि त्याच्या मुलांची आई असलेल्या स्त्रीला मिळालं होतं. मात्र पत्नीचा हिस्सा न्यायालयाने राखून ठेवायला लावला. लपवलं नाही तर वाटणीची गोष्ट निघते, लपवलं तर फसवणुकीची.

अर्जात नात्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद घाला: कधीपासून, कुठे, कोणाच्या नावावर घर, खर्चाची वाटणी. आणि वकिलांना पुढचे निकाल दाखवा. ते त्यांना माहीत असतात, पण विचारल्याने युक्तिवादात येतात:

– गुजरात राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई (१९८७): भावाला भरपाई मागता येते.
– मंजुरी बेरा (२००७): आर्थिकदृष्ट्या अवलंबून नसलेली विवाहित मुलगीही अर्ज करू शकते.
– मॉन्टफोर्ट ब्रदर्स (२०१४): धर्मसंस्थेला आपल्या सदस्याच्या मृत्यूची भरपाई मागता आली.
– एन. जयश्री (२०२१): जावयाच्या घरी राहणारी सासू कायदेशीर प्रतिनिधी ठरली. ती वारस नव्हती, पण निवारा आणि उदरनिर्वाहासाठी त्याच्यावर अवलंबून होती.

या चारांपैकी एकही लग्नाविना जोडीदाराचा नाही. पण सासू आणि धर्मसंस्था ज्या दारातून आत जातात त्या दारात जोडीदाराला का अडवायचं, एवढाच आपला मुद्दा आहे, आणि तो सरळ आहे.

त्याने मृत्युपत्र करून तुम्हाला एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, नेमलं असेल तर तुम्ही मालमत्तेचे प्रतिनिधी म्हणून उभेच आहात. ते पहिल्या पानाला जोडा.

८. आकडा: एका अपूर्णांकाची किंमत

हिशेबाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत बांधून दिली आहे. वार्षिक उत्पन्न घ्या, वयानुसार भविष्यातली वाढ मिळवा, मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करा, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणा.

समजा तो ३२ वर्षांचा होता, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिना २०,००० रुपये. वर्षाचे २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीला ४० टक्के वाढ, म्हणजे ३,३६,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६.

आता खरी मेख. मृत अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मं उत्पन्न वैयक्तिक खर्च म्हणून कापतात. विवाहित असेल आणि दोन-तीन जण अवलंबून असतील तर फक्त एक तृतीयांश.

निम्मं कापलं: १,६८,००० गुणिले १६, म्हणजे २६,८८,०००.
एक तृतीयांश कापलं: २,२४,००० गुणिले १६, म्हणजे ३५,८४,०००.

फरक ८,९६,००० रुपये. विमा कंपनी ‘तो अविवाहित होता’ या एका वाक्यावर इतका जोर का देते ते आता लक्षात येईल. आणि हा फरक फक्त तुमचा नाही, त्याच्या आई-वडिलांचाही आहे. त्यांनी ‘ती कुणीच नव्हती, आमचा मुलगा एकटा राहायचा’ असं सांगितलं की त्यांच्याही पदरात कमी पडतं. हा हिशेब मी एका कागदावर मांडून त्याच्या वडिलांना पाठवला होता. भावनेने जे तीन वर्षांत झालं नाही ते त्या कागदाने महिन्याभरात केलं.

यावर सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे आणि मालमत्तेच्या हानीचे ठरावीक पैसे मिळतात. २०१७ मध्ये ते अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० होते, आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवायचे आहेत. सहवासाची रक्कम जोडीदार म्हणून वेगळी मागा. मिळेलच असं नाही, पण मागितलीच नाही तर देण्याचा प्रश्नच येत नाही.

गेलेली व्यक्ती घर सांभाळणारी स्त्री असेल आणि मागे तिचा पुरुष जोडीदार असेल, तर ‘तिचं उत्पन्नच नव्हतं’ हे ऐकून घेऊ नका. घरकामाचं काल्पनिक उत्पन्न धरलं जातं. कीर्ती यांच्या २०२१ च्या निकालात त्याची छान मांडणी आहे.

९. उलटतपास

तीन प्रश्न हमखास येतात.

‘लग्न का केलं नाही?’ कारण असेल ते सांगा, छोटं सांगा. तत्त्वज्ञान सांगू नका. मी म्हटलं, ‘घरच्यांची जातीवरून हरकत होती, ती मावळायची वाट बघत होतो.’ पुढचा प्रश्न आला नाही.

‘आधारवर पत्ता माहेरचा का?’ बदलायचा राहून गेला. लाखो लोकांचा राहिलेला असतो.

‘तुम्ही स्वतः कमावता, मग अवलंबून कशा?’ हा खरा प्रश्न. इथे ‘मी पूर्ण त्याच्यावर अवलंबून होते’ असं म्हटलंत तर पगारपत्रक पुढे येतं आणि फजिती होते. घर दोन पगारांवर चालत होतं, एक थांबला, आता भाडं मला एकटीला झेपत नाही, लहान घरात जावं लागलं. हे खरं असतं आणि तेवढं पुरतं.

१०. वकील, दलाल आणि टक्केवारी

रुग्णालयाच्या आवारातच कुणीतरी कार्ड देतो आणि ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ म्हणतो. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलांना नियमाने मना आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. स्त्री असाल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं, तोवर पहिल्या वकिलांची फी देऊन झाली होती.

आमचं शेवटी लोकअदालतीत मिटलं. त्याची आई, वडील आणि मी, तिघांनी वाटणीचं लेखी संमतिपत्र दिलं, मग विमा कंपनीही पुढे आली. तिथे सही करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: तुमचा हिस्सा रकमेत लिहिलाय का, आणि तो थेट तुमच्या खात्यात येणार का. ‘कुटुंबाला मिळेल, मग आपण बघू’ या बोलीवर सही नको. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. रकमेचा मोठा भाग बहुधा मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. त्याचं व्याज दरमहा खात्यात येईल असं मागून घ्या.

११. दोघंही हयात असाल, तर या रविवारी

भाडेकरारावर दोघांची नावं. बँक खात्याला एकमेकांना नॉमिनी करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, आणि समलिंगी जोडीदारांनाही संयुक्त खातं व नॉमिनी यांना मज्जाव नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे तुमच्या हातात येतात आणि वारस ते मागू शकतात. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर चालतं. नोंदणी केली तर बरं.

पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. तिथे नॉमिनी कोण लिहिलंय ते बँकेत जाऊन बघा. आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं हे नॉमिनी रकमेचे खरे लाभार्थी मानले जातात, तुम्ही त्यांत बसत नाही, हे २०१५ च्या दुरुस्तीनंतर लक्षात ठेवायला हवं. आणि भविष्य निर्वाह निधीत त्याचे आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील तर तुमच्या नावाचं नामनिर्देशन टिकत नाही. त्याने माझं नाव घातलं होतं, प्रेमाने, तीन ठिकाणी सह्या करून. ऑफिसातल्या बाईंनी तो फॉर्म मला दाखवला आणि परत फाइलमध्ये ठेवला.